शिंपल्याची जागा

त्या सकाळी शिंपला मिटला नाही. उद्धवराव रोजच्यासारखे माशांच्या टाकीसमोर जाऊन उभे राहिले, पाठीमागच्या खिडकीतला कोवळा उजेड त्यांच्या अंगानं अडला, सावली काचेतून आत उतरली, दगडावर चढली, शिंपल्यावर गेली, आणि काहीच झालं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. सावली पडायचा अवकाश, तो दचकायचा. मोराच्या मानेसारखे निळेहिरवे ओठ झपकन आत ओढून घ्यायचा, दोन्ही शिंपा जवळ आणायचा, आणि धोका टळला असं वाटलं की नव्या सुनेनं पदर सावरत माजघरातून बाहेर यावं तसा हळूहळू उलगडायचा. त्याला दिसत कितपत होतं देव जाणे, पण उजेड कुणी अडवला ते बरोबर कळायचं. आज ओठ तसेच बाहेर लोंबत राहिले, कडेनं फिकुटलेले. मधली फट नको तितकी वासलेली, जांभई देता देता माणूस ती मिटायचीच विसरून जावा तशी. उद्धवरावांनी पंजा काचेपुढे हलवला. एकदा, दोनदा. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. ते मागे सरले, खिडकीखालच्या टेबलावरून चमचा आणि पेला उचलला, पलंगाकडे वळले, आणि त्यांची सावली दुर्गाबाईंच्या तोंडावर पडली. दुर्गाबाईंनी डोळे मिटले.

एवढंच घडलं. चऱ्होलीतल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, सकाळी सव्वासातला, एका आजारी बाईनं डोळे मिटले, यात कुणाला सांगण्यासारखं काय आहे? पण चमचा त्यांच्या हातात तसाच राहिला. जग तिला दुर्गाबाई म्हणे. उद्धवराव मनातल्या मनात दुर्गा म्हणत, तोंडानं मात्र छत्तीस वर्षांच्या संसारात ‘अगं’च्या पुढे गेले नव्हते. चौदा महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिले ते डोळे आणि डावा हात, तोही अर्धामुर्धा. आणि ते जवळ आले की हे डोळे मिटतात, हे काही आज पहिल्यांदा होत नव्हतं. रोज होत होतं. फक्त त्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीनं लावून ठेवला होता. सकाळी मोबाइलवर कीर्तन लावायचं, तिच्या उशाशी ठेवायचं, आणि वाकून बघावं तर तिचे डोळे मिटलेले. केवढं समाधान वाटायचं! लिफ्टमध्ये कुणी चौकशी केली तर सांगायचे, ‘कीर्तन लागलं की डोळे मिटून ऐकते हो. समाधीच लागते म्हणा ना.’ आज मोबाइल लावलेलाच नव्हता. तो टेबलावर चार्जिंगला पडला होता. म्हणजे कीर्तनाचा काही संबंधच नव्हता. सावली पडली, तिनं मिटून घेतलं. उद्धवराव दोन पावलं बाजूला झाले. उजेड तिच्या गालावर परत आला, डोळे उघडले. पण ते त्यांच्याकडे वळले नाहीत. सरळ टाकीकडे गेले.

टाकी बंटीची, म्हणजे त्यांच्या मुलाची. चाकणला गाड्यांच्या कंपनीत होता तेव्हापासूनची त्याची ही हौस. आईचं असं झालं आणि दोन महिन्यांत त्याला कंपनीनं वर्षभरासाठी जर्मनीला धाडलं. बायकोला घेऊन जायच्या आधी त्यानं हॉलमधली ती टाकी उतरवली आणि आईच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी आणून बसवली. ‘छताकडे किती बघत राहील ती, बाबा?’ खारं पाणी, दोन नारिंगी मासे, काही गोगलगायी, वाऱ्यावर हलावीत तशी हलणारी पोवळी, आणि तळहाताएवढा हा शिंपला. परदेशात कुठल्याशा हौदात त्याची पैदास झालेली, कागदपत्रांसकट आलेला. समुद्र त्यानं कधी पाहिलाच नव्हता. दुर्गेनं तरी कुठे पाहिला होता? एकदाच हरिहरेश्वरला गेले होते, तेव्हा ती समुद्राकडे पाठ करून वाळूत उभी. ‘अगं, तिकडं बघ की!’ तर म्हणाली, ‘चपला कोण बघणार?’ कंपनीच्या सहलीतल्या सगळ्यांच्या चपला राखत ती तासभर उभी होती. आता मात्र दिवसभर समुद्र बघत होती, पेटीतला का होईना.

शिंपल्याची जागा ठरवायला बंटीनं चार दिवस घेतले होते. ‘बाबा, याचं सगळं जागेवर असतं. हा उजेडावर जगतो. खाली ठेवला तर उपाशी, एकदम वर नेला तर करपतो. ओठ आभाळाकडे. पाण्याचा झोत अंगावर थेट नको, कडेनं गेला पाहिजे. आणि एकदा जागा पसंत पडली की हा पोटाखालून धागे सोडतो, दगडाला धरून बसतो. मग त्याला ओढायचं नाही. ओढलात तर आतला पाय फाटतो. वरून काही दिसत नाही, आठवड्यानं मरतो. हलवायचाच झाला तर दगडासकट हलवायचा, तेही रोज एक बोट.’ हे सगळं त्यानं एका वहीत लिहून ठेवलं होतं, आणि उद्धवरावांनी ते ओळ न् ओळ वाचून प्रत्येक ओळीसमोर लाल टिक केली होती. चौतीस वर्षं चिंचवडच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढलेला माणूस. वाचलं, समजलं, की टिक. बंटी हसला होता, ‘बाबा, मलाही एक टिक करा, पास होऊन जातो.’ हॉस्पिटलातल्या नर्सनं दुर्गेबद्दल सांगितलं तेही जवळपास हेच. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचेखाली उशी. हाताला धरून ओढायचं नाही, कातडी सोलवटते, चादरीसकट सरकवायचं. त्याचाही तक्ता भिंतीवर होता, त्यावरही लाल टिका. दोन जीव, दोन तक्ते. कधी कधी दुपारच्या गुंगीत त्यांना वाटे, आपण शिंपल्याची कूस बदलतोय आणि दुर्गेला रोज एक बोट उजेडाकडे सरकवतोय.

आणि स्वतःची जागा? ती कुणी ठरवली होती? दोन तास म्हणजे दोन तासांचं दावं. त्या दाव्यानं जेवढं फिरता येईल तेवढं फिरायचं: दूध, औषधाचं दुकान, खालची बाग, की परत. चऱ्होलीहून चिंचवडगावात जाऊन, कीर्तन ऐकून परत येणं दोन तासांत बसत नाही. बसत असतं तरी ते गेले नसते. तीस वर्षं तिथल्या मारुतीच्या देवळात ते बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले होते, डावीकडून दुसरे. बुवा निरूपण करता करता चरण अर्धा सोडायचे, आणि मागून टाळकऱ्यांनी तो उचलायचा. तो क्षण! बुवांनी टाकलं आणि आपण झेललं; मध्ये देवाला सुद्धा जागा नाही. बायकांच्या बाजूला, खांबाजवळ, दुर्गा बसलेली असायची. उद्धवरावांचा वरचा सूर लागला की ती मान खाली घालायची, आणि ती हसतेय हे त्यांना इतक्या लांबूनही कळायचं. एकदा बुवांना एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं विचारलं होतं, ‘बुवा, समोर निम्मी मंडळी पेंगतात. ऐकतं कोण?’ बुवा म्हणाले, ‘ऐकतं कोण हे बघायचं काम देवाचं आणि सतरंजीवाल्याचं. तू टाळकरी ना? तू धृपद उचल.’ सगळं देऊळ हसलं होतं. आता टाळ कपाटात, कापडात गुंडाळलेले. जिची वाचा गेली तिच्यासमोर गळा काढायचा कसा? उपाशी माणसासमोर बसून जेवल्यासारखं ते. म्हणून मोबाइल. मोबाइलमधले बुवा चरण सोडत, मोबाइलमधलेच टाळकरी तो उचलत, आणि उद्धवराव ओठ घट्ट मिटून औषधाच्या गोळ्या कुटत.

आठ वाजता गिरजाबाई आल्या. दुर्गेला पुसायला, वेणी घालायला रोज येत. अस्सल चऱ्होलीच्या, ही इमारत उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्याचं रान होतं, आणि लिफ्टमध्ये शिरताना त्या अजून चप्पल काढून हातात घेत. ‘बाबा, आज तोंड का उतरलंय? आक्कानं रातीला तरास दिला व्हय?’ उद्धवरावांनी टाकीकडे बोट केलं. गिरजाबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. ‘ह्यो असा आ वासून का बसलाय? आमच्या म्हशीचं रेडकू मरायच्या आदी असंच...’ आणि मग आपलीच जीभ चावत, ‘न्हाई न्हाई, काय हुत न्हाई त्याला. पर म्या म्हनते, ह्याच्यापरीस दोन कोंबड्या पाळल्या असत्या तर अंडी तरी गावली असती.’ दुर्गेच्या घशातून बारीक घुर्र आवाज आला. तो तिचं हसणं असे. गिरजाबाईंना तो लगेच कळे. ‘बगा, आक्का हसली! आक्काचा लई जीव हाय त्याच्यावर. कशी टक लावून बगती दिसभर. तुमच्याकडं न्हाई बगत इतकी!’ बाई ते गमतीनं बोलल्या, आणि पाण्यात टॉवेल पिळू लागल्या. उद्धवराव स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. गॅसवर काहीच नव्हतं, तरी ते गॅसकडे बघत होते. मग त्यांनी कादरला फोन लावला.

कादरचं पिंपरीत शोभेच्या माशांचं दुकान. आधी फ्रिज दुरुस्त करायचा. गार पाण्याचा नाद तिथलाच, असं तो म्हणे. पन्नाशीचा, जाडसर, बोलायला मऊ. अकराला आला तो दोन्ही हातांत खाऱ्या आणि साध्या पाण्याचे कॅन घेऊनच. ‘सलाम मावशी,’ म्हणून आधी पलंगाजवळ वाकला. दुर्गा डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. तो पलंगाच्या दाराकडच्या अंगाला उभा होता, खिडकी त्याच्या समोर; सावली त्याच्या पाठीमागे पडली होती. हे उद्धवरावांना दिसलं, आणि कळलं मात्र नाही. औषधं, चमचा, पाणी, सगळं खिडकीखाली; आपण तिच्याकडे येतो ते कायम उजेडाच्या बाजूनं, उजेड अडवत, हे त्यांच्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही.

‘काय नवाबसाहेब,’ कादर शिंपल्याला म्हणाला, ‘तबियत नासाज?’ त्यानं पाणी तपासलं. मिठाचं प्रमाण ठीक, तापमान ठीक. मग बाही वर करून हात आत घातला आणि वाळूतून एकेक गोगलगाय उचलून बाहेर ठेवली. पाच. सगळ्या रिकाम्या. ‘या कधी मेल्या?’

‘पडल्या होत्या खऱ्या उलट्या. मला वाटलं झोपल्या.’

‘मासे ठणठणीत, आणि गोगलगाय, शिंपला, पोवळी, सगळी आजारी.’ कादरनं एक रिकामा शंख बोटांत फिरवून बघितला. ‘काका, हे तांब्याचं काम दिसतंय. तांबं माशाला एवढंतेवढं चालतं, याला जहर. टाकीतलं पाणी उडून जातं त्याच्या बदल्यात रोज वरून साधं पाणी घालता ना? ते कुठलं?’

‘फिल्टरचं,’ उद्धवराव म्हणाले.

माणसाला खोटं बोलायला क्षणभर तरी लागतो. त्यांना लागला नाही. शब्द जिभेवर तयारच होता, जणू सोळा दिवस तो तिथं बसून होता. फिल्टर सोळा दिवसांपूर्वी बंद पडला होता. दुरुस्तीला माणूस आज येतो, उद्या येतो करत आलाच नव्हता. नळाला टँकरचं पाणी, ते टाकीत घालण्याची सोय नाही. आणि टेबलावर ही कळशी. तांब्याची, दुर्गेच्या बार्शीच्या माहेरची. दुर्गा तिला रोज चिंच-मीठ लावून लखलखीत घासायची, रात्री उकळून गार केलेलं पाणी भरून ठेवायची, आणि सकाळी घरातल्या प्रत्येकाला, आलेल्या पाहुण्याला, कपडे न्यायला आलेल्या इस्त्रीवाल्याला सुद्धा, उपाशीपोटी पेलाभर पाजायची. ‘तांब्यातलं आहे. सगळं झाडून नेतं.’ तिचं बंद झाल्यावर उद्धवरावांनी ते व्रतासारखं चालवलं. घासायचं, भरायचं, तिला सकाळी त्यातलेच चार चमचे. आणि फिल्टर बिघडल्या दिवसापासून चार तांबे टाकीत. याहून शुद्ध पाणी या घरात दुसरं नव्हतं. देवाला हेच, बायकोला हेच, शिंपल्याला हेच. असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणजे कुणीतरी विचारलं होतं. कोणी?

कादरनं वरचं तिसरा हिस्सा पाणी काढून नवं भरलं, त्याला तासभर लागला. त्याच्या कपाळाला घाम आलेला बघून उद्धवरावांचा हात आपोआप कळशीकडे गेला. आलेल्या माणसाला कोरडं पाठवायचं नाही, ही दुर्गेची शिस्त. पेला भरला, पुढे केला, आणि तेव्हा त्यांना दिसलं आपण काय केलं ते. कादरनं पेला घेतला, स्टुलावर बसला, आणि सावकाश तीन घोटांत पाणी प्याला. त्याची नजर एकदा कळशीवर गेली. चकाकत होती. ‘छान गार आहे काका,’ तो म्हणाला, आणि पेला उपडा ठेवला. मग पिशवीतून एक पांढरा पॅड काढून पाण्याच्या वाटेत अडकवला. ‘पाण्यात तांबं असलं तर हा उद्यापर्यंत निळा पडेल. नसलं तर दुसरं काही शोधू. हा साध्या पाण्याचा कॅन ठेवून जातो. वरून आता यातलंच घाला. दुसरं कुठलंच नको.’ ‘दुसरं कुठलंच’ हे शब्द त्यानं जरा हळू उच्चारले, की तसं वाटलं?

दुपारी उद्धवरावांनी वही काढली. चष्मा पुसला. बंटीचं अक्षर लहानपणापासून तिरकं. ओळ तेविसावी: तांबं, पितळ, नाणी, चाव्या, हातातली अंगठी, काहीही पाण्याला लागता कामा नये. तांब्यानं शिंपला मरतो. आणि ओळीच्या शेवटी लाल टिक. त्यांची. खालची शेपटी आखूड, वरची लांब. कारखान्यात ती टिक दुसऱ्या कुणाला काढताच येत नसे, साहेब म्हणत, उद्धवरावांची टिक म्हणजे डोळे मिटून माल पुढे. त्यांनी वही मिटली. परत उघडली. टिक होतीच. वाचलं होतं, समजलं होतं. मग विसरलो, हे म्हणता येईल? वर्षभरापूर्वीची ओळ, माणूस विसरतो. दुर्गेचं करता करता जेवलो की नाही हेही आठवत नाही. म्हणता येईल. पण मग ‘फिल्टरचं’ हा शब्द कुठून आला? विसरलेला माणूस खोटं बोलत नाही. तो म्हणतो, कळशीतलं घालतो की, अगदी शुद्ध.

सोळा दिवस. त्याच्या आदल्या रात्री बंटीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं, आणि मग, ‘बाबा, प्रोजेक्ट वाढलाय. अजून दोन वर्षं.’ उद्धवराव म्हणाले, ‘बरं.’ ‘तुम्हाला जमेल ना? आई? टाकी?’ ‘न जमायला काय झालं?’ ‘शिंपला कसाय?’ ‘मजेत आहे.’ फोन ठेवल्यावर ते टाकीसमोर उभे राहिले होते, आणि शिंपला मिटला होता, आणि त्यांच्या मनात आलं होतं, सुटेल एकदाचा. इतकंच. कोण सुटेल याला नाव नव्हतं. शिंपला की आपण की... त्यापुढचा शब्द त्यांनी मनाच्या दारातच अडवला, आणि घाईघाईनं देवाचं नाव घेतलं, झाकण ठेवतात तसं. दुसऱ्या दिवशी फिल्टर बंद पडला. त्यांनी कळशी उचलली. तांबे ओतताना हाताला काही माहीत होतं का? हात तर प्रेमानं ओतत होता, देवावर ओततात तसा, धार बारीक ठेवून. तोच हात. दुर्गेच्या तोंडात त्याच पाण्याचे चमचे घालणारा. तिला काही होत नाही, तिला ते अमृत; पण ती डोळे का मिटते? तिला त्या हाताचं काही कळलं होतं का? उजेड अडवणाऱ्याचं शिंपल्याला कळतं, तसं? तीनची कूस बदलायची वेळ झाली. त्यांनी चादर धरली, आणि तिच्या तोंडाकडे न बघता तिला सरकवलं. तक्त्यावर टिक केली नाही. हात उचललाच नाही.

दुसऱ्या सकाळी पॅड निळा होता. आभाळी नाही, मोरचुदी निळा. लहानपणी द्राक्षाच्या मळ्यात फवाऱ्यानं हातांना लागायचा तो. शिंपल्याचेच पहिले रंग कुणी पिळून त्यात भरावेत तसा. उद्धवराव बघत राहिले. भीती वाटत होती ती गेली. तिच्या जागी जड, सपाट असं काहीतरी येऊन बसलं. पावणेआठला बेल वाजली. दार उघडता उघडताच ते म्हणाले, ‘कादर, फिल्टरचं नव्हतं रे.’

‘ठाऊक आहे काका.’

‘कधीपासून?’

‘तुम्ही काल पाणी पाजलंत ना.’

‘मग बोलला का नाहीस?’

कादरनं कॅन खाली ठेवले, बूट काढले. ‘तुम्ही फिल्टरचं म्हणालात. घरच्या मोठ्या माणसाला बायकोसमोर खोटं कसं पाडायचं? म्हटलं, पॅडच सांगेल.’ आत जाता जाता थांबून म्हणाला, ‘आणि पाणी खरंच गोड होतं. मावशीचं आहे ते, माझ्या लक्षात आहे. पहिल्या दिवशी टाकी बसवायला आलो तेव्हाही मला त्यातलंच मिळालं होतं हॉलमध्ये, त्यांच्या हातचं. सोडू नका ते. फक्त याला नको.’

त्यानं पुन्हा पाणी बदललं, पॅड नवा लावला. दोन पोवळी पांढरी पडली होती, ती काढून टाकली. शिंपला दगडावर होता तसाच. ‘याला जरा कडेला, पाणी खेळतं तिथं घेऊ,’ म्हणत त्यानं दोन्ही हात आत घातले आणि शिंपल्याला न शिवता खालचा दगडच, तान्ह्याला उशीसकट उचलावं तसा, बोटभर सरकवला. मग ओला पंजा खिडकीच्या उजेडात, काचेसमोर धरला. उद्धवरावांना म्हणावंसं वाटलं, नको, बघू नकोस. सावली आत गेली. शिंपला तसाच. कादरनं हात काढला नाही. आणि मग ओठांची एक कड, एकच, डावीकडची, आत आक्रसली. वीतभर दोरी ओढायला जितका जोर लागतो तेवढाही त्यात नव्हता. थांबली. परत आक्रसली.

‘घाबरला!’ कादर लहान मुलासारखा ओरडला. ‘मावशी, बघितलं? घाबरला! घाबरतो म्हणजे जीव आहे त्याच्यात. जगेलच असं नाही म्हणत, महिना बघावं लागेल. पण घाबरतोय.’ दुर्गेच्या घशात घुर्र झालं.

कादर गेला. गिरजाबाई यायला अजून वेळ होता. उशीर होईल म्हणून त्यांचा निरोप होता. उद्धवराव खोलीच्या मधोमध उभे राहिले. मग त्यांनी टेबलावरची कळशी नको, औषधं नको, काहीच घेतलं नाही. पलंगाच्या दाराकडच्या अंगाला गेले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून, अवघडत, जमिनीवर बसले. या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. खिडकी समोर आली, उजेड डोळ्यांवर. दुर्गेचं तोंड त्यांच्या तोंडाच्या उंचीला. तिचे डोळे टाकीवर होते. ते सावकाश फिरले, आणि त्यांच्यावर येऊन थांबले. मिटले नाहीत.

‘अगं,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘दुर्गे.’ तो शब्द खोलीत मोठा वाटला. ‘ते पाणी मी घातलं. कळशीतलं. बंटीनं लिहून ठेवलं होतं, मी टिक केली होती. माहीत होतं की विसरलो होतो, ते मला सांगता येत नाही. खरंच येत नाही. फोन झाला त्या रात्री माझ्या मनात वाईट आलं होतं. त्याच्याबद्दल.’ त्यांनी शिंपल्याकडे बघितलं. ‘त्याच्याच बद्दल, असंही नाही.’

तिनं नजर काढली नाही. त्या नजरेत माफी होती म्हणावं तर तसं काही दिसलं नाही. राग म्हणावं तर तोही नाही. ती बघत होती. दिवसभर टाकीकडे बघते तसं, आत काय हलतंय ते बघत. चौदा महिन्यांत तिनं आपल्याला असं बघितलं नव्हतं की आपण तिला बघू दिलं नव्हतं, हे त्यांना समजेना. डावा हात चादरीवर जरा हलला, त्यांच्या दिशेनं की उगाच, देव जाणे. त्यांनी तो धरला नाही. ओढल्यासारखं होईल असं वाटलं. आपला हात फक्त शेजारी ठेवला.

घड्याळात नऊ झाले. कूस बदलायची वेळ. त्यासाठी उठावं लागणार होतं, पलीकडे जावं लागणार होतं. चादर त्या बाजूनं धरल्याशिवाय ती वळत नाही. खिडकी तिथेच होती, पलंग, टाकी, भिंती, सगळं जिथल्या तिथे. पलंग फिरवता येईल, टेबल हलवता येईल, रोज एक बोट. पण आज, आत्ता, जायचं होतं ते उजेड अडवूनच. उद्धवराव पलंगाची कड धरून उठले. फिरून पलीकडे गेले. त्यांची सावली आधी तिच्या पायांवर पडली, मग पोटावर, मग हळूहळू वर सरकत तोंडावर आली. दुर्गेचे डोळे मिटले.

काल हेच पाहून चमचा हातात राहिला होता. आज ते वाकले, चादर दोन्ही मुठींत धरली, आणि तिला तशीच, चादरीसकट, आपल्याकडे वळवून घेतली. टाचेखाली उशी सारली. सावली अजून तिच्यावरच होती. ती काढायची घाई त्यांनी केली नाही. टेबलावर मोबाइल पडला होता, बंद. बुवांनी कधीचा सोडून दिलेला एक चरण त्यांच्या घशात वर आला, अर्धाच, आणि मागे उचलायला कुणी नव्हतं. ते खाकरले. पहिला सूर फाटकाच लागला, दुसरा जरा सरळ. टाळ नव्हते, म्हणून चादरीच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. दुर्गेचे डोळे मिटलेलेच होते. ती ऐकत होती की त्यांना मिटून घेत होती, हे कळायला मार्ग नव्हता. उद्धवरावांनी तिच्या पापण्यांकडे बघितलं. त्या थरथरत होत्या. त्यांनी धृपद उचललं.